ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला जादा कूलर: एअर न धरता कसा बसवायचा

डिझेल पंपाची किंवा ट्रॅक्टरची एअर काढलेली माणसे आपल्याकडे गावोगाव सापडतात. बॅन्जो बोल्ट सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस संपून नुसते डिझेल यायला लागले की बोल्ट आवळायचा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरला असा बोल्ट नसतो. एअर मागाहून काढायची सोय नाही, म्हणून ती आत अडकणारच नाही अशा बेताने कूलर बसवावा लागतो. तो कुठल्या बाजूने उभा केला, होज कसे फिरवले, लावण्याआधी तो ऑइलने भरला की नाही आणि शेवटी पातळी कुठल्या तापमानाला बघितली, एवढ्यावर सगळे ठरते. नटबोल्टाचे काम त्यामानाने किरकोळ आहे.

आधी गाडी कोणती ते बघा

आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या प्रत्येक गाडीला ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. मारुतीची एजीएस किंवा टाटाची एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तिथे मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते, इतकेच. तिला हा कूलर लावायला जागाही नाही आणि गरजही नाही. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला गिअरबॉक्स) आणि डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) यांची ऑइले आणि कूलिंगची रचना निराळी असते, तिथे या लेखाच्या भरवशावर हात घालू नका.

हा लेख टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत पुढे देणारा भाग, असलेल्या गिअरबॉक्ससाठी आहे. २०२० नंतरची थार, स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही७००, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा यांच्या ऑटोमॅटिक गाड्या या गटात येतात. यांतही आणखी एक गोष्ट बघायची आहे. काही गाड्यांत गिअरबॉक्सपासून पुढे रेडिएटरपर्यंत ऑइलच्या दोन नळ्या जातात. काहींत मात्र गिअरबॉक्सच्या अंगालाच छोटा चौकोनी कूलर बोल्टने बसवलेला असतो, त्यात इंजिनचे कूलंट फिरते आणि ऑइलची नळी बाहेर कुठे दिसतच नाही. पहिल्या प्रकारात नवशिक्याला काम जमते. दुसऱ्या प्रकारात त्या मॉडेलसाठीच बनवलेला अडॅप्टर लागतो. तो मिळत नसेल तर तिथेच थांबा. जुगाड करून कापाकापी करण्याची ही जागा नव्हे.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. पुढे गिअरबॉक्सचा काहीही बिघाड निघाला की पहिले बोट या कूलरकडेच दाखवले जाईल.

ऑइल तापते कशाने

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद ऑइलच्या मार्फत पुढे जाते. वेग स्थिर असला की आतला लॉक-अप क्लच बसतो आणि घसर थांबते. कमी वेग आणि जास्त जोर असेल तर लॉक-अप सुटा राहतो, ऑइल नुसते ढवळले जाते आणि तापते. जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटात गाड्या इंचाइंचाने चढतात, कसाऱ्याला कंटेनरच्या मागे रांग लागते, तेव्हा नेमके हेच चाललेले असते. ट्रेलर ओढणाऱ्यांचे आणि चिखलात गाडी घालणाऱ्यांचेही तसेच.

गाडी चिखलात रुतली आहे, चाके हलत नाहीत आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरला आहे, असे समजा. त्या क्षणी इंजिनची सगळी ताकद उष्णता होऊन ऑइलमध्ये जाते, कारण ती जायला दुसरी जागाच नाही. ढोबळ हिशोब असा: ३० किलोवॉट ताकद आणि साधारण ९ लिटर ऑइल, म्हणजे सेकंदाला जवळपास २ अंश. हा हिशोब सगळे ऑइल एकसारखे तापेल असे धरून केला आहे. प्रत्यक्षात कन्व्हर्टरमधले ऑइल त्याहून लवकर तापते. अर्धा मिनिट असे दाबून धरले तर काय होईल ते तुम्हीच मोजा. अशा वेळी कितीही मोठा कूलर असला तरी तो पुरा पडत नाही. पाय उचलणे हाच उपाय.

नेहमीच्या चालण्यात ऑइल ८० ते ९५ अंशांच्या आसपास असावे. १२० च्या वर गेले की काळजी करायची. जुन्या मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा असा की ८० च्या पुढे दर १०-११ अंशांमागे ऑइलचे आयुष्य अर्धे होते. तेव्हा कूलर विकत घेण्याआधी एक ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून आतले आकडे दाखवणारे छोटे यंत्र) घ्या, मोबाइलला जोडा आणि नेहमीच्या घाटात गिअरबॉक्स ऑइलचे तापमान वाचा. ते १०० च्या आतच राहत असेल तर कूलरचे पैसे वाचवा आणि त्यात ऑइल बदलून घ्या. माझे मत विचाराल तर निम्म्या गाड्यांना एवढेच पुरते.

कूलर कसला घ्यावा

बाजारात दोन मुख्य प्रकार मिळतात. पहिला नळी-पंखाचा: एकच लांब नळी नागमोडी वळवलेली आणि तिच्यावर पातळ पत्र्याचे पंख. दुसरा थरांचा, म्हणजे स्टॅक्ड प्लेट: दोन टोकांना दोन उभे कप्पे आणि त्यांच्या मधे एकावर एक अनेक सपाट वाटा. थरांचा कूलर त्याच आकारात बराच जास्त गारवा देतो आणि ऑइलला अडवतोही कमी. म्हणून हल्ली बहुतेक जण तोच घेतात.

एअरच्या बाबतीत मात्र या दोघांचे वागणे अगदी वेगळे. नळी-पंखाच्या कूलरमध्ये ऑइलला जायला एकच वाट असते. मागून ऑइल आले की पुढची हवा ढकलली जाणारच. ती परतीच्या नळीने गिअरबॉक्सच्या चेंबरमध्ये (खाली ऑइल साठते ते भांडे) पोचते, तिथून ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडायच्या तोंडातून, बाहेर. कूलर उलटा लावला तरी बहुधा निभावते. थरांच्या कूलरमध्ये वाटा अनेक. वरच्या चार वाटांत हवा बसली तर ऑइल तिच्याशी भांडत बसत नाही, खालच्या मोकळ्या वाटांनी निघून जाते. हवा तिथेच राहते आणि विकत घेतलेल्या कूलरचा तेवढा भाग नुसता वाऱ्यावर उभा असतो.

जुन्या बाजारातला, दुसऱ्या गाडीचा काढलेला कूलर स्वस्तात मिळतो. घेऊ नका. आधीच्या मालकाचा गिअरबॉक्स जळला असेल तर त्या क्लचची पूड आणि धातूचा कीस अजून त्या थरांत बसलेला असतो. पेट्रोलने कितीही धुतला तरी अनेक वाटांच्या कूलरमधून तो सगळा निघत नाही, आणि जो उरतो तो गरम ऑइल लागल्यावर तुमच्या व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलचा दाब क्लचना वाटणाऱ्या भागात, उतरतो.

होज गिअरबॉक्स ऑइलसाठीचाच लागतो. त्यावर एसएई जे १५३२ असे छापलेले बघा. पेट्रोल-डिझेलचा पाइप सुरुवातीला अगदी ठीक दिसतो, पण या ऑइलच्या तापमानाला तो कडक होऊन तडकतो. आतला व्यास कारखान्याच्या नळीइतकाच ठेवा, साधारण ८ किंवा ९.५ मिलिमीटर. यासोबत चांगल्या क्लिपा, नवे वॉशर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच जातीचे दोन लिटर ऑइल, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज, निपलवर (होज चढवायच्या तोंडावर) घालायची रबरी टोपणे आणि एक मोठा ट्रे. ऑइल लालच असते असे धरून चालू नका. हिरवे आणि निळेही असते, आणि रंग जुळला म्हणजे जात जुळली असे होत नाही.

जागा आणि दिशा

इथे घाई करू नका. पुढचा बंपर काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, कारण एअरबॅगचे सेन्सर त्याच भागात असतात. पुढे रडार असलेल्या गाड्यांत रडारच्या समोर कूलर, ब्रॅकेट, होज यातले काहीही येता कामा नये. त्याचा ब्रॅकेट सैलही करू नका. कोन जरासा हलला तरी पुन्हा कॅलिब्रेशन करावे लागते.

कूलरची नेहमीची जागा जाळीच्या मागे, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे. दोघांमधे बोटभर फट ठेवा. कंडेन्सरच्या पंखांतून आरपार जाणारे प्लॅस्टिकचे टाय किटमध्ये येतात, ते वापरू नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते घासत राहतात आणि एक दिवस एसीचा गॅस निघून जातो. पत्र्याची पट्टी वाकवून रेडिएटरच्या आडव्या पट्टीला बोल्टने ब्रॅकेट करा आणि मधे रबरी बुश घाला.

आता दिशा. थरांच्या कूलरसाठी पसंतीचा क्रम असा.

दोन्ही तोंडे वर: सर्वांत उत्तम. हवा आपणहून वर येते आणि तोंडातून निघून जाते. इंजिन बंद असतानाही कूलर भरलेला राहतो.

दोन्ही तोंडे बाजूला, एक खाली आणि एक वर: हेही चांगले. फक्त गरम ऑइल खालच्या तोंडातून आत जायला हवे आणि वरच्या तोंडातून बाहेर. हे उलटे जोडले तर ऑइल वरून आत येऊन सरळ खाली उतरते आणि हवेला बाहेर पडायची वाट उरत नाही.

दोन्ही तोंडे खाली: टाळा. पंपाचा दाब पुरेसा आहे, चालते, असे सांगणारे भेटतील, आणि भरपूर प्रवाह असलेल्या गाडीत ते चालतही असेल. पण ऑइल आयडलिंगला जितके फिरते त्या प्रवाहात कप्प्यांच्या वरच्या भागातली हवा हलत नाही, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ऑइल खाली उतरून कूलर पुन्हा रिकामा होऊ शकतो. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने ही जोखीम घेऊ नये. जागाच तशी असेल तर थरांचा कूलर सोडून नळी-पंखाचा घ्या.

बहुतेक कूलरला आत-बाहेर अशी ठरलेली तोंडे नसतात. ज्यांच्यात थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच वाट उघडणारी झडप) किंवा बायपास (कूलर टाळून जाणारी वाट) आहे त्यांच्यावर बाण असतो. तो बाण आणि वर सांगितलेली दिशा, दोन्ही एकाच वेळी जुळायला हवे.

परतीची नळी कोणती

नवा कूलर रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे जोडायचा असतो. म्हणजे गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल आधी रेडिएटरमधून जाणार, मग नव्या कूलरमधून, आणि मग परत गिअरबॉक्समध्ये. रेडिएटरला वगळून थेट जोडणी करायची फॅशन आहे. तिचा फायदा एकच: रेडिएटरच्या आत गळती झाली तर कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळून गुलाबी दह्यासारखा लगदा होण्याची भीती राहत नाही. पण थंडीच्या सकाळी ऑइल लवकर गरम करायचे कामही रेडिएटरच करतो, त्यामुळे मी ती वाट सुचवत नाही.

मॅन्युअलमध्ये नळ्यांची आकृती असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर थंड गाडी सुरू करून दोन्ही नळ्यांचे तापमान बघा. आधी तापते ती जाणारी, मागाहून तापते ती परतीची. थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत ही युक्ती फसवते, कारण थर्मोस्टॅट उघडेपर्यंत दोन्ही नळ्या गारच राहू शकतात. खात्रीचा मार्ग म्हणजे रेडिएटरपाशी एक नळी सोडायची, नळीला आणि मोकळ्या झालेल्या तोंडाला प्रत्येकी एक होजचा तुकडा जोडायचा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत सोडायचे. कोणीतरी दोन-तीन सेकंद इंजिन सुरू करून बंद करायचे. सुटलेल्या नळीतून ऑइल आले तर ती जाणारी. रेडिएटरच्या तोंडातून आले तर जी सोडली ती परतीची. हे करताना गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

रेडिएटरवरचा नट सोडताना दोन पाने वापरा, एका पान्याने रेडिएटरचे निपल धरून ठेवा आणि दुसऱ्याने नट फिरवा. टाकी प्लॅस्टिकची असते. निपल आत फिरले तर रेडिएटरच बदलावा लागतो.

होज

पोलादी नळी कापून तिच्यावर होज चढवणार असाल तर कापलेल्या टोकाला फ्लेअरिंग टूलने फुगवटा काढून घ्या. हे टूल एसी-फ्रिजच्या मिस्त्रीकडे असते. गुळगुळीत नळीवर नुसती क्लिप आवळली तर घाटात दाब आणि उष्णता वाढल्यावर होज सरकून निघतो आणि पाच मिनिटांत गिअरबॉक्स कोरडा. होज निपलवर पुरता चढवा आणि क्लिप फुगवट्याच्या पलीकडे बसवा.

वळणे मोठी ठेवा. चपटा झालेला होज ऑइल अडवतो. होजमध्ये एखादा उंचवटा आला म्हणून घाबरू नका. तिथे वाट एकच असते, ऑइल बुडबुड्याला सोबत घेऊन जाते. तोंडे वर असलेल्या कूलरला तर होज वरून वळवून खाली आणावाच लागतो, आणि त्याने कूलर रिकामा व्हायचाही थांबतो. गरज नसताना वर-खाली अशा दोन-तीन लाटा मात्र करू नका. पत्र्याच्या कडेवरून जाणाऱ्या होजला जाडसर रबरी आवरण घाला, आणि एक्झॉस्टपासून वीतभर लांब ठेवा.

आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा एखादा धागा सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक भोकात अडकला की गिअर विचित्र पडायला लागतात आणि कारण कुणाला सापडत नाही. निमुळत्या आट्यांना ऑइल सोसणारा द्रव सीलंट, पहिले दोन आटे सोडून, अगदी थोडा. ओ-रिंग असेल तिथे तोही नको, नुसते ऑइलचे बोट फिरवा.

कूलर आधी भरून घ्या

हा भाग गाळायचा नाही. कूलर पुठ्ठ्यावर तोंडे वर करून धरा. एका तोंडातून सिरिंजने हळूहळू ऑइल सोडा. दुसऱ्या तोंडाकडे लक्ष ठेवा: आधी काही नाही, मग एकेक मोठा बुडबुडा फुटतो, मग बारीक फेस, आणि शेवटी ऑइलची चमकती पातळी तोंडापाशी येते. इथे थांबलात तर फसाल. कूलर डावीकडे तिरका करा, थोडा वेळ धरा, मग उजवीकडे. बोटाने हलके टकटक करा. पातळी पुन्हा खाली गेलेली दिसेल, कारण थरांत अडकलेली हवा आता वर आली. पुन्हा भरा. पातळी हलायची थांबेपर्यंत हे चालू द्या, मग दोन्ही तोंडांना टोपणे घाला.

एकूण किती सिरिंजा गेल्या ते कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल. होजचा हिशोबही सोपा आहे: ९.५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजमध्ये मीटरमागे ७० मिली, ८ मिलिमीटरच्या होजमध्ये ५० मिली. तीन मीटर होज लागला तर दोनशे मिलीच्या आसपास. कूलर आणि होज मिळून अर्धा लिटर सहज होते. हे ऑइल तुम्ही आधी भरले नाही तर पहिल्याच स्टार्टला ते चेंबरमधून खेचले जाणार, आणि चेंबर तेवढे रिकामे झाल्यावर पंप ऑइलसोबत हवा ओढणार. नव्या कूलरने एअर धरली म्हणतात ती बहुतेक वेळा अशी, कूलरमध्ये नव्हे, चेंबरमध्ये.

भरलेला कूलर टोपणांसकट ब्रॅकेटवर चढवा. एकेक टोपण काढत होज लावा. थोडे सांडेल, सांडू द्या. गाडीखाली जायचे असेल तर स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नका.

पहिला स्टार्ट

कूलरकडून गिअरबॉक्सकडे जाणारा शेवटचा जोड अजून लावायचा नाही. तो होज एका पारदर्शक बरणीत सोडा आणि हाताने न धरता तारेने बांधा. बॅटरी जोडा. एक जण स्टिअरिंगवर, एक जण बरणीपाशी, डोळ्यांना गॉगल. इंजिन सुरू करा आणि धार बघा. आधी फसफस करत थुंकल्यासारखे येते, मग फेसाळ फिकट ऑइल, आणि मग अखंड, नितळ धार. नितळ धार आली की लगेच ‘बंद’ म्हणा. कूलर आधीच भरलेला असेल तर हे काही सेकंदांचे काम आहे. लांबवले तर चेंबर रिकामे होईल. धार आलीच नाही तर रेस देऊ नका. इंजिन बंद करा, होज चिमटला आहे का, नळी चुकीची निवडली का, थर्मोस्टॅट बंद आहे का ते बघा. थर्मोस्टॅटच्या गाडीत थंड ऑइलवर धार न येणे हा दोष नाही. तिथे हा टप्पा सोडून पुढे जा.

बरणीत जमले तितके नवे ऑइल गिअरबॉक्समध्ये घाला. बरणीतले जुने परत ओतू नका. शेवटचा जोड लावा, क्लिपा आवळा, सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून घ्या. पुसलेल्या जोडावर पाझर लगेच कळतो.

पातळी: सगळ्यात जास्त चुका इथे

ऑइल तापले की फुगते. आठ लिटर ऑइल ४० वरून ९० अंशांवर गेले तर ते जवळजवळ तीनशे मिलीने वाढते. म्हणजे गरम गाडीत बघितलेली पातळी आणि कोमट गाडीत बघितलेली पातळी यांत तेवढा फरक, आणि तो साधारण तुमच्या कूलरमध्ये मावलेल्या ऑइलएवढाच. म्हणून अंदाजाने चालत नाही. मॅन्युअलमध्ये दिलेले तापमान बघा आणि ओबीडी स्कॅनर त्या आकड्यावर आला की मगच तपासा.

गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. इंजिन आयडलिंगला. ब्रेक दाबून लिव्हर पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असा फिरवा, प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबा आणि परत पार्कमध्ये आणा. यामुळे आतल्या सगळ्या क्लचच्या वाटा भरतात. डिपस्टिक असेल तर पुसून दोनदा बघा. हल्लीच्या गाड्यांना बहुधा डिपस्टिक नसते, चेंबरला चेक प्लग असतो. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, तो उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर भरायच्या तोंडातून पंपाने घाला. जोरात आले तर धार बारीक होईपर्यंत वाहू द्या. काही गाड्यांत इंजिन बंद करून बघायचे असते, म्हणून मॅन्युअलचा शब्द शेवटचा.

थर्मोस्टॅटच्या गाडीत मेख अशी की चेकचे तापमान बहुतेक गाड्यांत ४० च्या आसपास असते आणि थर्मोस्टॅट उघडतो ७०-८० ला. तुम्ही ४० ला पातळी बघितली तेव्हा कूलरची वाट बंदच होती. मग रस्त्यावर ती उघडली आणि होजमधली उरलेली हवा चेंबरमध्ये आली, तितकी पातळी खाली गेली. त्यामुळे अशा गाडीत पातळी दोनदा बघायची. एकदा लगेच. मग गाडी चालवून ऑइल ८५-९० पर्यंत न्या, कूलरचे दोन्ही होज गरम झाल्याची खात्री करा, रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा ठरलेल्या तापमानाला बघा. भरून घेतलेल्या कूलरमध्ये हा फरक थोडा असतो, न भरलेल्यात अर्धा लिटरपर्यंत जातो. कागदावर लिहिलेला आकडा आता कामाला येतो: एकूण घातलेले ऑइल त्याच्या जवळपास, म्हणजे कूलर, होज आणि सांडलेले मिळून, जुळायला हवे. बरेच कमी लागले असेल तर कुठेतरी हवा अजून बसलेली आहे.

जास्त भरणे हाही तितकाच दोष. पातळी वर चढली की फिरणारे गिअर ऑइलमध्ये बुडतात, ते घुसळून फेस करतात आणि ब्रीदरमधून ऑइल बाहेर येते. फेसात हवा असते, हवा दाबली जाते, त्यामुळे क्लचला पुरा दाब मिळत नाही. गिअर उशिरा पडतो किंवा झटका देतो. कमी ऑइल आणि जास्त ऑइल या दोन्हींची लक्षणे म्हणूनच सारखी दिसतात. अशा वेळी आणखी ओतू नका, आधी पातळी बघा.

हवा राहिली आहे का, हे कसे ओळखाल

गाडी वीसेक मिनिटे चालवून आणा. इन्फ्रारेड थर्मामीटरने कूलरच्या अंगावर खालून वर चार-पाच ठिकाणी तापमान घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा आकडा दाखवते, म्हणून आधी काळ्या टेपचे तुकडे चिकटवा. वरून खाली तापमान हळूहळू बदलत असेल तर ठीक. वरच्या काही थरांत एकदम १५-२० अंशांची घसरण दिसली आणि तोंडे बाजूला किंवा खाली असतील तर तिथे हवा आहे. होज तसेच ठेवून कूलर फक्त ब्रॅकेटवरून सोडून, तोंडे वर येतील असा धरून, इंजिन आयडलिंगला मिनिटभर चालवले की ती निघते. त्यानंतर पातळी पुन्हा. हात घालताना लक्षात ठेवा, रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो.

सुरू केल्याबरोबर गिअरबॉक्समधून रेस वाढेल तसा चढत जाणारा बारीक आवाज येत असेल तर पंप हवा ओढतो आहे. परतीच्या होजचे जोड यात दोषी नसतात. तिथे आत दाब असतो, जोड सैल असला तर ऑइल बाहेर येईल, हवा आत जाणार नाही. पातळी बरोबर असेल आणि याच वेळी तुम्ही चेंबर उघडून फिल्टर बदलला असेल तर फिल्टरच्या गळ्याची ओ-रिंग बघा. ती दुमडली किंवा जुनी आत राहून तिच्यावर नवी बसली तर असाच आवाज येतो.

पहिल्या घाटानंतर, गाडी गार झाल्यावर, सगळ्या क्लिपा एकदा तपासा. नवा होज तापून थोडा दबतो, अर्धा फेरा बसतो. स्कॅनरवर त्याच घाटातले आधीचे आणि आताचे तापमान जुळवून बघा, बाहेरचा उन्हाळा-हिवाळा लक्षात घेऊन. काहीच फरक पडला नसेल तर आणखी मोठा कूलर आणायला धावू नका. कूलरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या होजचे तापमान घ्या. दोन्ही गार असतील तर ऑइल तिथे पोचतच नाही, थर्मोस्टॅट किंवा चिमटलेला होज शोधा. दोन्ही सारखेच गरम असतील तर ऑइल फिरते आहे पण वारा लागत नाही, कूलर नंबर प्लेटच्या किंवा बंपरच्या पट्टीच्या मागे दडला आहे. ब्रॅकेट दोन-तीन इंच सरकवून बघा, आणि सरकवताना तोंडांची दिशा बदलू देऊ नका.